जर्मन नौदलाच्या पहिल्या पाणबुडीचा इतिहास कसा अभ्यासावा

म्युनिक शहरात ईझार नदीच्या बेटावर डॉइचेस म्युझियम हे तंत्रविज्ञानाचे मोठे संग्रहालय आहे. सुमारे ४२ मीटर लांबीची एक जुनी पाणबुडी तेथे ठेवलेली असून, तिच्या एका बाजूचे कवच जागोजागी कापून काढल्यामुळे आतली यंत्रे आणि नळ्या बाहेरूनच दिसतात. ही 'यू-१', म्हणजे जर्मन सम्राट कैसरच्या नौदलात दाखल झालेली पहिली पाणबुडी. म्युनिक आणि आसपासच्या गावांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी जे तिच्यासमोर उभे राहतील त्यांच्यासाठी, आणि भारतात बसून तिच्याविषयी मराठीत लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि अभ्यासकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. यू-१ ने युद्धात एकही जहाज बुडवले नाही आणि ती एकाही युद्धमोहिमेवर गेली नाही. त्यामुळे लढाया, सेनानी आणि बुडवलेल्या जहाजांची यादी या क्रमाने पाणबुडीचा इतिहास लिहिण्याची जी रूढ पद्धत आहे, ती येथे पहिल्याच पानावर थांबते. यू-१ चा इतिहास तिच्या इंजिनात, टाक्यांत आणि कवचात आहे, आणि तो तेथूनच वाचायला हवा.

नाव आणि क्रम निश्चित करा

पहिले काम ओळख पटवण्याचे आहे. 'यू-१' हे नाव धारण करणाऱ्या पाणबुड्या एकापेक्षा अधिक होऊन गेल्या. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलाची एक यू-१ होती, १९३५ साली जर्मनीने पुन्हा पाणबुड्या बांधायला घेतल्या तेव्हा नवी यू-१ आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलातही हे नाव पुन्हा दिले गेले. महाजालावर शोध घेताना या सर्वांची छायाचित्रे आणि आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून आपल्या टिपणवहीत सर्वप्रथम तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : बांधणीचा कारखाना कील येथील गेर्मानियावेर्फ्ट, जलावतरण ४ ऑगस्ट १९०६, नौदलात दाखल १४ डिसेंबर १९०६. पुढे मिळणारी प्रत्येक माहिती या तिन्हींशी जुळते का ते पाहावे आणि जुळत नसेल तर ती बाजूला ठेवावी.

दुसरी दक्षता 'पहिली' या शब्दाबाबत घ्यावी. यू-१ ही जर्मन भूमीवर बांधलेली पहिली पाणबुडी नव्हे. तिच्या ५६ वर्षे आधी, १८५० साली, विल्हेल्म बाउअर या बव्हेरियन सैनिकाने कील येथे 'ब्रांडटाउखर' नावाची, माणसांच्या बळावर चालणारी पाणबुडी बांधून घेतली होती. १ फेब्रुवारी १८५१ रोजी ती कीलच्या बंदरात बुडाली. बाउअर आणि त्याचे दोन साथीदार तळाशी कित्येक तास थांबले. आतबाहेरचा दाब सारखा झाल्याशिवाय झाकण उघडणार नाही हे ओळखून बाउअरने आत पाणी येऊ दिले आणि तिघेही जिवंत वर आले. ती नौका १८८७ साली बाहेर काढण्यात आली आणि आज ड्रेस्डेन येथील लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर गेर्मानियावेर्फ्टनेच १९०३ साली 'फोरेले' नावाची छोटी विजेवर चालणारी प्रायोगिक पाणबुडी बांधली आणि ती पुढे रशियाला विकली. म्हणून 'जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी' असे पूर्ण म्हणावे. 'जर्मनीची पहिली पाणबुडी' असे म्हणू नये.

उशीर का झाला, हा प्रश्न सोडू नका

यू-१ चे वर्ष इतर देशांच्या वर्षांशेजारी मांडून पाहावे. फ्रान्सची 'जिमनोट' १८८८ सालची आहे. अमेरिकी नौदलाने 'हॉलंड' १९०० साली घेतली आणि ब्रिटनची 'हॉलंड-१' १९०१ मध्ये पाण्यात उतरली. जर्मनी या रांगेत शेवटी येते. नौदलाचे प्रमुख सूत्रधार आल्फ्रेड फॉन टिर्पिट्झ यांचा सारा भर मोठ्या युद्धनौकांच्या ताफ्यावर होता आणि किनाऱ्याजवळच घुटमळणाऱ्या अपुऱ्या प्रयोगांवर पैसा खर्च करण्यास ते राजी नव्हते. ही टिर्पिट्झ यांची अदूरदृष्टी होती असे अनेकदा लिहिले जाते. माझ्या मते हा निवाडा घाईचा आहे. १९०० च्या सुमारास उपलब्ध असलेल्या पाणबुड्यांचा पल्ला पाहता, त्यांच्यावर उत्तर समुद्रातील युद्धाची भिस्त ठेवणे कोणत्याही नौदलाला कठीण होते. या उशिराचा एक लाभही झाला. इतरांच्या चुका पाहून मगच जर्मनीने बांधणीला हात घातला.

येथे रशियाचा धागा आवर्जून जोडावा. १९०४ साली जपानशी युद्ध पेटल्यावर रशियाने गेर्मानियावेर्फ्टकडे तीन पाणबुड्यांची मागणी नोंदवली. 'कार्प', 'कारास' आणि 'कांबाला' ही त्यांची नावे. त्यांचा आराखडा रेमोंडो लोरेन्झो द'एकविली या स्पॅनिश अभियंत्याचा होता. जर्मन नौदलाने त्याच सुमारास स्वतःसाठी एक नौका मागवली आणि यू-१ हे कार्पचे सुधारलेले रूप म्हणून आकाराला आले. म्हणजे जर्मन नौदलाच्या पहिल्या पाणबुडीमागे स्पॅनिश अभियंत्याची बुद्धी आणि रशियाचा पैसा होता. ही गोष्ट लेखाच्या पहिल्या भागातच यायला हवी, कारण तीवाचून यू-१ अचानक आकाशातून पडल्यासारखी वाटते.

इंजिनापासून सुरुवात करा

संग्रहालयात पोहोचल्यावर बहुतेक लोक प्रथम पुढच्या पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) नळीकडे जातात. तसे न करता मागच्या भागातील इंजिनांपाशी आधी थांबावे आणि तेथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. यू-१ मध्ये हानोव्हरच्या कोर्टिंग कंपनीची दोन इंजिने होती, प्रत्येकी २०० अश्वशक्तीची, आणि ती रॉकेलवर चालत. पाण्याखाली जाण्यासाठी स्वतंत्र विद्युत मोटारी आणि शिशाच्या बॅटऱ्या होत्या, आणि त्यांची एकूण शक्तीही ४०० अश्वशक्तीच होती.

रॉकेल का, हे समजून घेणे या अभ्यासाचे मर्म आहे. त्या काळी ब्रिटनच्या पाणबुड्या पेट्रोलवर चालत. बंद पोलादी नळकांड्यात पेट्रोलची वाफ साठली की एका ठिणगीने स्फोट होई. फेब्रुवारी १९०५ मध्ये ब्रिटनच्या 'ए-५' या पाणबुडीवर असाच स्फोट होऊन माणसे मेली. रॉकेल इतक्या सहज पेट घेत नाही, म्हणून जर्मनांनी ते निवडले आणि नौकेच्या आत राहणाऱ्यांचा जीव बऱ्याच अंशी सुरक्षित केला. पण त्याची किंमत नौकेच्या बाहेर मोजावी लागली. कोर्टिंग इंजिने दाट पांढरा धूर सोडत, मोठा आवाज करत आणि रात्री त्यांच्या धुराड्यातून ठिणग्या उडत. ज्या नौकेचे सारे सामर्थ्य न दिसण्यात आहे, ती पृष्ठभागावर असताना कित्येक मैलांवरून ओळखू येई. शिवाय बुडी मारण्यापूर्वी धुराडे उतरवून ठेवावे लागे. त्यामुळे शत्रू दिसल्यापासून पाण्याखाली जाईपर्यंतचा वेळ वाढत असे. वेग बदलणे आणि उलट दिशेने जाणे ही कामे या इंजिनांना नीट जमत नसत, म्हणून बंदरातील हालचालींसाठी विद्युत मोटारींचा आधार घ्यावा लागे.

कोर्टिंग इंजिनांनी बांधणीच्या काळातच अडचणी निर्माण केल्या आणि यू-१ च्या पूर्ततेला विलंब झाला. तरीही यू-१८ पर्यंतच्या जर्मन पाणबुड्या रॉकेलवरच चालल्या. डिझेल इंजिन यू-१९ मध्ये, १९१३ साली आले. म्हणून कालपट काढताना १९०६ ते १९१३ हा एक सलग कालखंड धरावा आणि त्याला 'रॉकेलचा काळ' असे शीर्षक द्यावे. जर्मन पाणबुड्यांच्या पहिल्या पर्वाची याहून योग्य विभागणी मला दिसत नाही.

आकड्यांकडून उत्तरे मिळवा

तपशिलांचा तक्ता नुसता उतरवून घेण्यात अर्थ नाही. त्यातील आकड्यांवर थोडे गणित केले की नौका बोलू लागते. यू-१ ची लांबी ४२.३९ मीटर, रुंदी ३.७५ मीटर. पृष्ठभागावर तिचे वजन २३८ टन आणि पाण्याखाली २८३ टन धरले जाते. पृष्ठभागावर वेग १०.८ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पाण्याखाली ८.७ नॉट. पल्ला पृष्ठभागावर १० नॉट वेगाने १,५०० सागरी मैल आणि पाण्याखाली ५ नॉट वेगाने ५० सागरी मैल. बुडण्याची मर्यादा ३० मीटर. शस्त्र म्हणून पुढच्या टोकाला ४५ सेंटिमीटर व्यासाच्या पाणतीरासाठी एक नळी, आणि एकूण तीन पाणतीर.

प्रथम दोन वजनांची वजाबाकी करावी. ४५ टन हा फरक म्हणजे बुडी मारताना टाक्यांत घ्यावे लागणारे पाणी. पृष्ठभागावरील वजनाच्या मानाने हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास येते. इतकी तरंगण्याची शिल्लक असलेली नौका समुद्राच्या लाटांत उभी राहू शकते. आतले दाब सोसणारे कवच आणि त्याच्याबाहेरचे नौकेच्या आकाराचे दुसरे कवच, आणि या दोहोंमध्ये टाक्या, ही रचना त्यासाठीच होती. कापलेल्या बाजूने पाहताना ही दोन कवचे कोठे वेगळी होतात आणि कोठे एकत्र येतात, ते बोट ठेवून शोधावे.

नंतर पल्ला घ्यावा. १,५०० सागरी मैल म्हणजे सुमारे २,७८० किलोमीटर, आणि १० नॉटने ते अंतर कापायला १५० तास, म्हणजे सहा दिवसांहून थोडे अधिक लागतात. पाण्याखाली ५० सागरी मैलांना ५ नॉटने १० तास लागतात. पण पाण्याखाली पूर्ण वेगाने गेल्यास काय होईल? पाण्यात चालण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५ वरून ८.७ नॉटवर गेल्यास ती सुमारे पाचपट होते. म्हणजे १० तासांची बॅटरी दोन तासांतच संपते, आणि वेगाने रिकामी केलेली बॅटरी एरवीपेक्षा कमीच देत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी वेळ मिळतो. या एका हिशेबावरून उमगते की यू-१ ही मुख्यतः पृष्ठभागावर फिरणारी आणि गरज पडल्यास थोडा वेळ पाण्याखाली लपणारी पाणतीर-नौका होती. दोन्ही महायुद्धांतील बहुतेक पाणबुड्यांना हे वर्णन लागू पडते.

तिसरे गणित सर्वांत बोधप्रद आहे, पण ते फारसे कोणी करत नाही. नौकेची लांबी ४२ मीटर आणि बुडण्याची मर्यादा ३० मीटर, म्हणजे नौका आपल्या मर्यादेपेक्षा लांब आहे. तिचा मध्य २० मीटर खोलीवर असताना पुढचे टोक ३० अंशांनी खाली झुकले तर ते टोक मध्यापेक्षा साडेदहा मीटर खाली जाते आणि मर्यादा ओलांडते. ३० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३० टन असतो. तेव्हा नौकेचा तोल आडवा राखणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. कार्पमध्ये हा तोल एक सरकते वजन पुढेमागे हलवून साधला जाई. यू-१ मध्ये त्याऐवजी पुढे आणि मागे तोल राखण्याच्या टाक्या बसवल्या, ज्यांच्यात पाणी इकडून तिकडे नेता येई. तक्त्यात एका ओळीत येणारी ही सुधारणा किती मोलाची होती, हे वरचे गणित केल्यावर पटते.

कारकीर्द मोजक्या शब्दांत मांडा

यानंतर कारकिर्दीकडे वळावे, आणि हा भाग मुद्दाम आटोपशीर ठेवावा. १९०७ साली यू-१ ने विल्हेल्म्सहाफेनहून डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, स्कागेनला, वळसा घालून कीलपर्यंत दीर्घ चाचणीप्रवास केला, आणि खुल्या समुद्रात ती टिकते हे त्यातून सिद्ध झाले. पुढे ती प्रशिक्षणासाठी आणि प्रयोगांसाठी वापरली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळातही तिच्यावर नव्या खलाशांना शिकवले जात होते. १९१९ साली सरावाच्या वेळी झालेल्या टकरीत नुकसान झाल्यावर तिला सेवेतून काढण्यात आले.

प्रशिक्षण या शब्दाला कमी लेखू नये. ही विद्या किती महाग होती, हे १७ जानेवारी १९११ च्या घटनेवरून कळते. त्या दिवशी यू-३ कीलच्या बंदरात बुडाली. मदतीला आलेल्यांनी नौकेचे पुढचे टोक पाण्याबाहेर उचलले आणि आतले बहुतेक खलाशी पाणतीराच्या नळीतून एकेक करून सुखरूप बाहेर आले. वरच्या मनोऱ्यात अडकलेले तिघे मात्र वाचले नाहीत. समुद्राचे पाणी बॅटरीत शिरले की क्लोरीन वायू सुटतो, हा धोका त्या काळच्या प्रत्येक पाणबुडीवर होता.

यू-१ च्या पिढीने काय साधले हे दाखवायचे असेल, तर यू-९ चा दाखला द्यावा. तीही रॉकेलवर चालणारी होती. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ओटो वेडिगन यांच्या नेतृत्वाखाली तिने 'अबुकीर', 'होग' आणि 'क्रेसी' या तीन ब्रिटिश क्रूझर सुमारे दीड तासात बुडवल्या आणि १,४५९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्यापैकी अनेक जण बुडणाऱ्या सोबत्यांना वाचवण्यासाठी थांबलेल्या जहाजांवरचे होते. हा आकडा लिहिताना त्याचा गौरव होणार नाही, याची काळजी लेखकाने घ्यावी.

भारताशी असलेला दुवाही याच ठिकाणी येतो आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी लंडनहून मुंबईला निघालेले 'पर्शिया' हे प्रवासी जहाज क्रीट बेटाच्या दक्षिणेस पूर्वसूचना न देता बुडवण्यात आले आणि तीनशेहून अधिक लोक मरण पावले. ते बुडवणारी यू-३८ गेर्मानियावेर्फ्टमध्येच, यू-१ नंतर आठ वर्षांनी बांधली गेली होती. कीलमधल्या एका कारखान्याची आठ वर्षांतील प्रगती मुंबईच्या वाटेवरील माणसांपर्यंत कशी पोहोचली, ते या दोन नौका शेजारी ठेवल्यावर दिसते.

नौका वाचली कशी, तेही नोंदवा

२८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बाळगण्यास आणि बांधण्यास, अगदी व्यापारी कामासाठीही, बंदी घातली. कैसरच्या नौदलाच्या उरलेल्या पाणबुड्या विजेत्या देशांच्या हाती गेल्या आणि बहुतेक भंगारात निघाल्या. यू-१ तेवढी बांधणाऱ्या कारखान्याच्या पुढाकाराने संग्रहालयाकडे आली आणि १९२० च्या दशकापासून म्युनिकमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात संग्रहालयावर बॉम्ब पडले आणि तिलाही इजा पोहोचली. पुढे तिची डागडुजी झाली. ऐतिहासिक नौकेचे कवच कापणे काही अभ्यासकांना खटकते. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो, कारण बंद नळकांडे पाहून कोणालाही काही शिकता आले नसते.

जाण्यापूर्वी आणि न जाता

संग्रहालयाच्या इमारतीचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चालले असल्याने नौकांचा विभाग खुला आहे का, हे प्रवासाची तिकिटे काढण्याआधी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. जर्मनीत अधिक दिवस असल्यास कीलजवळ लाबोए येथे दुसऱ्या महायुद्धातील यू-९९५ पाहावी. तिच्यात आत शिरून चालता येते, आणि यू-१ शी तुलना करताना इंजिनखोली, बॅटरी आणि पाणतीराच्या नळ्या या तीनच ठिकाणी लक्ष द्यावे. मूळ कागदपत्रे अभ्यासायची असल्यास फ्रायबुर्ग येथील जर्मन लष्करी अभिलेखागार गाठावे लागते. छापील साहित्यातील जुनी जर्मन अक्षरे आणि हस्तलिखितांतील वळणे वाचण्याचा सराव घरीच करून जावे, नाहीतर तेथील दिवस अक्षरे लावण्यातच जातात.

परदेशी जाणे शक्य नसल्यास विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली 'आयएनएस कुरसुरा' पाहावी. ती सोवियत बनावटीची आणि यू-१ च्या दुप्पट लांबीची आहे. तरी डिझेल, बॅटरी आणि मोटार यांचे नाते तिच्यात प्रत्यक्ष पाहायला मिळते. आणि लेखात पुढचा काळ आणायचा असेल, तर कीलच्या होवाल्ट्सवेर्के कारखान्याचा मागोवा घ्यावा. १८५० ची ब्रांडटाउखर बांधणारी श्वेफेल आणि होवाल्ट ही पेढी त्याची पूर्वज. त्याच परंपरेतील कारखान्याने भारतीय नौदलासाठी 'शिशुमार' आणि 'शंकुश' बांधल्या आणि त्या १९८६ साली दाखल झाल्या. त्याच आराखड्याच्या 'शल्की' आणि 'शंकुल' यांची बांधणी मुंबईच्या माझगाव गोदीत झाली आणि त्या १९९२ आणि १९९४ साली नौदलात आल्या. या चार नौकांचे लांबी, वजन, वेग आणि पल्ला हे आकडे यू-१ च्या तक्त्याशेजारी लिहावेत आणि वरची तिन्ही गणिते त्यांच्यावरही करून पाहावीत.